स्वतंत्र कोणापासून?

वऱ्हाडातील शंकरपटाची वार्ता एके काळी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातही क्वचितच मावे. मुंबईच्या क्रिकेटास स्तंभच्या स्तंभ आणि वाशीमकडील बैलजोडीस चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ, हा न्याय आमच्या संपादकवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या चालविला. आज मोबाईल हाती घेतलेला खेड्यातील तरुण तीच शर्यत यूट्यूबवर दाखवितो आणि पुण्यामुंबईस चाकरीनिमित्त गेलेला गावकरी ती डोळे भरून पाहतो. याबद्दल त्या तरुणाचे अभिनंदन न करणे हा कद्रूपणा होईल. ज्या सुशिक्षितांस त्याच्या आरडाओरडीचा वीट येतो, त्यांनी आधी आपल्या मौनाचा हिशेब द्यावा!

परंतु हा तरुण स्वतःस 'स्वतंत्र' म्हणवितो, तेथे आमचा वाद आहे. स्वतंत्र कोणापासून? संपादकापासून, हे खरे. चित्रणास मुभा देणारे आयोजक आणि जाहिरात देणारे जोडीचे धनी यांच्यापासून मात्र नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती बंद केल्या त्या बैलांच्या छळामुळे. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांस पुन्हा वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला, तो छळ टाळण्याच्या अटींच्या भरवशावर. त्या अटी पाळल्या जातात की नाही, हे सांगण्यास धुरकऱ्याचा हात इतक्या जवळून पाहणारा दुसरा साक्षी कोण आहे? जोडीने किती सेकंदांत पल्ला गाठला हे तो दहादा गर्जून सांगतो. बैलाची शेपटी पिरगाळली गेली, तर तेही त्याच आवाजात सांगेल काय? आणि सांगितलेच, तर आम्ही शौकीन त्याचे चित्रण पाहत राहू, की दुसऱ्याकडे वळू?