आधी काटा, मग मालक



ऐन उन्हाळ्यात डीपी जळाली आणि आठवडाभर दुसरी मिळाली नाही, की बांधावर दोन बोलणी हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "एकदाचं हे खासगी करून टाका, म्हणजे वठणीवर येतील." दुसरा म्हणतो, "खासगीवाला आला की पहिलं आपल्या मोटारीचं कनेक्शन तोडील." आमचे म्हणणे असे, की दोघेही मालकाविषयी बोलतात, काट्याविषयी कोणीच बोलत नाही. एकाच देशात दोन्ही वाटा चालून पाहिल्या गेल्या, त्या जॉर्जियाची हकिगत म्हणूनच येथे देत आहोत.

जॉर्जिया हा काळ्या समुद्राकाठचा छोटा देश. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघराज्यात होता. त्या राजवटीत वीज मातीमोल दराने मिळे. बिल भरलेच पाहिजे अशी सवय ना लोकांना, ना वसुलीची सवय खात्याला. संघराज्य मोडले, देशात यादवी माजली, बाहेरून येणाऱ्या इंधनाला रोख पैसे मोजावे लागू लागले. इंगुरी नदीवर १३०० मेगावॅटचे प्रचंड जलविद्युत केंद्र असूनही राजधानी त्बिलिसीत भर हिवाळ्यात दिवसाकाठी काही तासच वीज मिळे. लोक रॉकेलवर घर ऊबदार ठेवीत आणि तारांवर आकडे टाकीत.

१९९८ च्या अखेरीस सरकारने राजधानीच्या 'तेलासी' या वीज कंपनीचा ७५ टक्के हिस्सा एईएस या अमेरिकन कंपनीला सुमारे अडीच कोटी डॉलरला विकला. नव्या मालकाने घरोघरी मीटर बसवले, थकबाकीदारांच्या तारा तोडल्या. सामान्य माणूस कुरकुरत का होईना, पैसे भरू लागला. पण वीज कुणाकडे सोडायची याची कळ कंपनीच्या हाती नव्हती. वशिल्याचे बडे ग्राहक पैसे न भरता वीज ओढत राहिले आणि भरणाऱ्याच्या घरी अंधार तो अंधारच. अखेर मोठा तोटा सोसून कंपनीने २००३ मध्ये आपला हिस्सा एका रशियन कंपनीला विकला आणि गाशा गुंडाळला. हीच कंपनी १९९९ मध्ये आपल्या ओडिशात भुवनेश्वर भागाच्या वीजवाटपासाठी आली होती. तिथूनही ती २००१ मध्ये निघून गेली.

आता दुसरी वाट पाहा. राजधानीबाहेरच्या बऱ्याचशा खेड्यापाड्यांचे आणि गावांचे वीजवाटप सरकारी कंपनीकडेच राहिले. २००३ पासून तिचा कारभार करारावर बाहेरच्या व्यवस्थापकांना दिला. मालकी मात्र सरकारचीच. त्यांनी वस्तीच्या तोंडाशी सामाईक मीटर बसवला. जी वस्ती पैसे भरील तिला वीज, न भरील तिची बंद. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सत्तापालट झाला. नव्या सरकारने लाचखोरीला आणि बड्या थकबाकीदारांना हात घातला. वसुली सुधारली, पुरवठा सुधारला आणि मगच, २००७ मध्ये, ही कंपनी झेक मालकाला विकली. विक्री सर्वांत शेवटी झाली, हे सभासदांनी ध्यानात घ्यावे.

सामाईक मीटरचा उपाय आम्हाला पुरता पटत नाही. शेजाऱ्याच्या थकबाकीपायी भरणाऱ्यानेही अंधारात बसायचे, हा न्याय नव्हे. पण मोजणीपासून सुरुवात केली, ही गोष्ट शंभर टक्के बरोबर.

आता घरचे पाहू. २००५ साली आपल्या वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. वाटप महावितरणकडे आले आणि ती सरकारीच राहिली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकार भरते. चांगले झाले, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण बिल माफ झाले म्हणून मोजणीही माफ झाली, असे समजणाऱ्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. राज्यात आजही कितीतरी पंपांना मीटर नाही. तिथे नोंद होते ती अश्वशक्तीवरून, अंदाजाने. जिथे अंदाज, तिथे गावातली चोरी आणि तारांतली गळती शेतकऱ्याच्या नावावर खपवायला वाव. उद्या अनुदान आटले किंवा मालक बदलला, तर तो फुगलेला आकडा दाखवून आपल्यालाच चोर ठरवतील. तेव्हा आपण कोणता कागद पुढे करणार?

काट्यात मारलेला ऊस परत मिळत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गाडी काट्यावर चढली की आपण पावती हातात घेतल्याशिवाय हलत नाही. विजेच्या बाबतीत मात्र मीटर नको म्हणून आपणच आडवे पडतो!

म्हणून सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे : आपल्या पंपाचा मीटर मागा, चालू ठेवा, महिन्याच्या महिन्याला वहीत टिपा. डीपीवरही मीटर बसवून त्याचा आकडा गावाच्या फळ्यावर लावा, असा ठराव ग्रामसभेत मांडा. मग कंपनी सरकारी राहो की खासगी होवो, तिच्याशी हिशेबाने बोलता येईल.