कुंडीतले शेवाळ आणि श्वासाचा हक्क

पावसाळा लागला की मुंबई-पुण्यातील जुन्या चाळींच्या भिंती हिरव्यागार होतात आणि आपण ब्रश घेऊन ते शेवाळ खरवडून काढतो. अलीकडे मात्र हेच शेवाळ ट्रेमध्ये वाढवा, घरातली हवा शुद्ध होईल, असा सल्ला सर्रास ऐकू येतो. त्यात तथ्य किती?

शाळेत ज्याला आपण ‘मॉस’ म्हणून शिकलो, त्या वनस्पतीला खरी मुळे नसतात. पाणी आणि क्षार ती मुख्यतः इवल्या पानांवाटे, पाऊस, दव आणि धुळीतून घेते. म्हणूनच हवेतील धूलिकण आणि जड धातू तिच्यात साठत जातात. पण गल्लीतून दिवसभर वाहने धावत असताना दोन-चार चौरस फुटांचा ट्रे हवेत फारसा फरक पाडू शकत नाही. हे मान्य करूनच कुंडी भरावी.

शेवाळाचा खरा उपयोग वेगळा आहे. युरोपातील अनेक देश १९९० पासून दर पाच वर्षांनी मॉसचे नमुने तपासून हवेतील जड धातूंचा अंदाज घेतात. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात झाडांवरच्या मॉसचे ३४६ नमुने तपासले, तेव्हा रंगीत काचेच्या कारखान्यांजवळ कॅडमियम जास्त आढळले. २०१६ मध्ये हे जाहीर होताच नागरिकांनी जाब विचारला आणि ओरेगॉन राज्याला उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या विषारी द्रव्यांसाठी नवे नियम आणावे लागले. तिथे हवा सुधारण्याची सुरुवात या प्रश्नांतून झाली.

आपल्याकडे पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचवली. स्वच्छ हवा-पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले आहे. तरीही कचरा उघड्यावर जळतो, बांधकामे आच्छादनाविना चालतात आणि त्याची झळ सर्वांत आधी दाट वस्त्यांतील मुलांना आणि वृद्धांना बसते.

तेव्हा बाग जरूर करा. आपल्याच इमारतीच्या भिंतीवरचा शेवाळाचा तुकडा उथळ ट्रेमध्ये ओल्या मातीवर दाबून बसवा. सावलीत ठेवा, उन्हाळ्यात रोज पाणी शिंपडा. सुकले तरी लगेच फेकू नका. पाणी मिळताच बरेचदा ते पुन्हा हिरवे होते. मुलांना ते जवळून पाहू द्या, त्यावर बसलेली काळी धूळ दाखवा. मग त्यांच्यासोबत वॉर्ड ऑफिसात जा आणि लेखी विचारा : आपल्या वस्तीजवळचे हवा मोजण्याचे केंद्र कुठे आहे? त्याचे आकडे काय सांगतात? कचरा जाळणाऱ्यांवर काय कारवाई झाली?

अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.