रिमोट एका देशाचा, रिसीव्हर दुसऱ्या देशाचा आणि पोरं नाशिकची

गेल्या काही महिन्यांत तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला. दोघं इंजिनिअरिंगची पोरं, एक शेतीच्या ड्रोनची दुरुस्ती करणारा, आणि एक निवृत्त गृहस्थ. हे गृहस्थ घरी थर्माकोल, बाल्सा लाकूड आणून विमानं बनवतात. प्रश्न असा : "दादा, नवीन रिमोट आणला, नवीन रिसीव्हर आणला, दोन्ही एकाच कंपनीचे. पण एकमेकांशी बोलतच नाहीत. फसवलं का आम्हाला?"

फसवलं नाही. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, फक्त वेगवेगळ्या देशांच्या कायद्यासाठी बनवल्या आहेत. हे आपल्याकडे ना दुकानदार सांगतो, ना खोक्यावर मराठीत लिहिलेलं असतं, ना कुठलं सरकारी खातं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ड्रोन, विमान यांच्याशी संबंध नसेल तरी वाचा, कारण शेवटी गोष्ट कुंभमेळ्यापर्यंत जाते.

आधी थोडं मागे जाऊ. जुने रिमोट क्रिस्टलवर चालायचे. रिमोटमध्ये एक क्रिस्टल, विमानात त्याच्या जोडीचा दुसरा. मैदानावर दोघांचं चॅनेल एकच निघालं तर एकाचं विमान खाली. म्हणून चॅनेलच्या चिठ्ठ्या, पिना लावून ठेवायची पद्धत होती. आपल्याकडे तर १९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता. खेळण्यातल्या गाड्यांच्या २७ मेगाहर्ट्झला पुढे सूट मिळाली. बाकीच्यांचं कसंतरी चालायचं.

२००५ साली केंद्राने २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. तोच पट्टा, ज्यावर तुमचं वायफाय आणि ब्लूटूथ चालतं. त्याच सुमारास जगभर रिमोटही त्या पट्ट्यावर आले. क्रिस्टल गेला, 'बाइंड' आलं. बटण दाबायचं, रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो, स्थिर झाला की जोडी जुळली. पन्नास विमानं एकाच मैदानावर उडाली तरी कुणाचा कुणाला त्रास नाही, कारण प्रत्येक रिमोट या चॅनेलवरून त्या चॅनेलवर सतत उड्या मारत असतो आणि उड्यांचा क्रम फक्त त्याच्या रिसीव्हरला ठाऊक असतो.

इथपर्यंत सगळं छान. गंमत पुढे आहे.

पट्टा जगभर जवळपास सारखाच असला तरी त्यावर कसं बोलायचं याचे नियम देशागणिक वेगळे. युरोपने १ जानेवारी २०१५ पासून नवा नियम लावला. दहा मिलिवॉटपेक्षा जास्त ताकदीचं यंत्र असेल तर एकतर त्याने बोलण्याआधी ऐकायचं, नाहीतर आपला बोलण्याचा वेळ आखडता घ्यायचा. ग्रामसभेत कसं, आधीच्याचं संपू दे, मग तू बोल. आपल्याकडे आणि अमेरिकेत ही सक्ती नाही. युरोपात ताकदीची कमाल मर्यादा १०० मिलिवॉट, तर आपल्या २००५ च्या नियमात अँटेनासह चार वॉटपर्यंत मुभा. म्हणजे या बाबतीत आपला नियम चांगलाच सैल आहे, आणि हे मी कौतुकानेच म्हणतोय.

पण कंपन्यांनी काय केलं? एकाच मॉडेलची दोन सॉफ्टवेअर काढली. एक युरोपचं, एक बाकीच्या जगाचं. फ्रस्कायचा युरोपीय सॉफ्टवेअर असलेला रिमोट आणि आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर असलेला रिसीव्हर समोरासमोर ठेवा, बटण दाबून बोट दुखेल, दिवा स्थिर होणार नाही. जुने डी८ पद्धतीचे रिसीव्हर तर युरोपीय आवृत्तीत बादच झाले. स्पेक्ट्रमचंही तेच. त्यांची जुनी डीएसएम२ पद्धत युरोपात विकायच्या रिमोटमधून गेली, डीएसएमएक्स राहिली. ज्यांच्या पाच-सहा विमानांत जुने रिसीव्हर बसवलेले होते, त्यांनी कपाळाला हात लावला.

आता म्हणाल, युरोपचा नियम नाशिकला कशाला? अहो, नाशिकची किती पोरं जर्मनीत, नेदरलँड्समध्ये आहेत ते बघा. दिवाळीला येताना मामा, आतेभाऊ रिमोट घेऊन येतो. तिकडे घेतलेला, दर्जेदार, बिलासकट. इथल्या भाच्याकडे रिसीव्हर असतो ऑनलाइन मागवलेला, चीनमधून निघालेला. दोघांचं कायदेशीर गोत्र वेगळं. उपाय आहे : दोन्हींत एकाच आवृत्तीचं सॉफ्टवेअर भरायचं. पण हे माहीत नसलं की चांगला रिसीव्हर कचऱ्यात जातो आणि मामाची उगाच बदनामी होते.

ज्यांच्याकडे फ्लायस्काय आहे, त्यांचा घोळ थोडा निराळा. तिथे देशाचा प्रश्न कमी आणि पिढीचा जास्त. सीटी६बी या जुन्या स्वस्त रिमोटचा रिसीव्हर जुन्या पद्धतीचा, एफएस-आय६ चा नव्या पद्धतीचा. आय६ च्या मेनूत जाऊन नवी पद्धत बंद केली की तो जुन्या रिसीव्हरशीही जुळतो. हे एवढं वाक्य कुणी दुकानात सांगितलं असतं तर कित्येक कॉलेजांच्या कपाटातले 'खराब' रिसीव्हर परत कामाला लागले असते.

इथपर्यंतचा घोटाळा गैरसोयीचा होता. यापुढचा धोक्याचा आहे.

लांब पल्ल्यासाठी पोरं आता ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासची यंत्रं वापरतात. एक्स्प्रेसएलआरएस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि खरंच उत्तम आहे. ते भरताना देशानुसार पर्याय निवडावा लागतो : अमेरिकेसाठी ९१५, युरोपसाठी ८६८, भारतासाठी ८६६. रिमोट आणि रिसीव्हर दोन्हीकडे एकच पर्याय हवा, नाहीतर जुळत नाहीत. भारतात परवानामुक्त आहे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला. बस. ९१५ आपल्याकडे परवानामुक्त नाही. उलट ८९० ते ९१५ हा पट्टा आपल्या मोबाइलचा आहे. तुमचा फोन टॉवरशी बोलतो तो रस्ता. अमेरिकी पर्याय निवडलेला रिमोट ९०३-९०४ च्या आसपास सुरू होऊन पार ९२६ पर्यंत उड्या मारतो. म्हणजे निम्म्या उड्या थेट मोबाइलच्या रस्त्यावर. टॉवरच्या जवळ एक वॉटचा असा रिमोट चालू केला तर तुमचा सिग्नल कमजोर होणार ते होणारच, शिवाय शेजाऱ्याचा फोन कुरकुरणार. कुणी तक्रार केली, मोजणीची गाडी आली, तर 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

मग ही ९१५ ची यंत्रं इथे विकली कशी जातात? खुलेआम. मी स्वतः तीन ऑनलाइन दुकानांच्या पानांवर जाऊन पाहिलं. किंमत मोठ्या अक्षरात, सवलत त्याहून मोठ्या अक्षरात, पल्ला 'अमुक किलोमीटर', आणि पट्टा शोधायला खाली खाली जावं लागतं. एका पानावर तर ८६८ आणि ९१५ दोन्ही एकाच ओळीत, ग्राहकाने चिठ्ठी टाकून निवडावं तसं. विकणाऱ्याला फोन लावला. म्हणाला, "सर, ९१५ जास्त चालतो, लोक तोच नेतात." कायद्याचं विचारल्यावर रेंज गेली. त्याची, माझी नाही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीसह रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याआधी बड्या संकेतस्थळांना नोटिसा गेल्या होत्या. गाभा असा की यंत्र कुठल्या पट्ट्यावर चालतं ते पानावर सांगा आणि सरकारी प्रकार-मंजुरी, म्हणजे ईटीए, असल्याची खात्री करा. ही मंजुरी दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा देते. परवानामुक्त पट्टा म्हणजे यंत्रालाही मंजुरी नको, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. वापरणाऱ्याला परवाना लागत नाही, पण यंत्राच्या त्या मॉडेलला मंजुरी असावी लागते. हा फरक आयात करताना कळतो, आणि तोही पार्सल अडकल्यावर.

नियम योग्य आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण तपासणीचा जोर वॉकीटॉकीवर आहे. दीड-दोन हजारांचं रिमोटचं मॉड्यूल कुणाच्या नजरेत भरत नाही. परवाना नसलेल्या पट्ट्यावर दोघं बोलले काय आणि विमान उडवलं काय, हवेला काय फरक पडतो?

आता विमानाचे नियम. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले. त्यात मॉडेल विमानांसाठी वेगळी व्याख्या आहे : २५ किलोपर्यंत वजन, शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, आणि डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर. त्यांना प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने संशोधनासाठी, हिरव्या क्षेत्रात, स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत उडवलं तर आणखीही सवलती आहेत. २०१८ पासूनची कटकट पाहिलेल्यांना हा मोकळा श्वास होता. मग ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांना मात्र मोकळीक राहिली. परिणाम काय? तयार, जुळवलेला, तपासलेला संच येणं थांबलं आणि पोरं चार देशांतले चार भाग आणून स्वतः जोडायला लागली. शिकायला हे उत्तमच. पण रेडिओची जुळवाजुळव, जी आधी कंपनी करायची, ती आता दुसऱ्या वर्षाच्या पोराच्या डोक्यावर आली. हवाई वाहतुकीचं खातं रेडिओबद्दल बोलत नाही, दूरसंचारवाले विमानाबद्दल बोलत नाहीत, आणि व्यापाराच्या खात्याला दोन्हीशी देणंघेणं नाही.

आणि हे सगळं नाशिकमध्ये. एका बाजूला ओझरला एचएएल आणि विमानतळ, इकडे गांधीनगरला लष्कराचं हवाई प्रशिक्षण, तिकडे देवळालीला तोफखाना. उडवायला मोकळं आकाश शोधायचं तर नकाशा आणि कंपास घेऊन बसावं लागतं. २०२२ मध्ये लष्करी हद्दीवर ड्रोन घिरट्या घालताना दिसलं, गुन्हा नोंदवला गेला आणि त्यानंतर ड्रोनवाल्यांनी आपापली यंत्रं पोलीस ठाण्यात जमा करावीत असा फतवा निघाला. सुरक्षेचा प्रश्न खराच आहे, तो कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण ज्याने चोरून उडवलं तो थोडाच ठाण्यात जमा करायला येणार? आले ते लग्नाचं शूटिंग करणारे.

आता ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण, आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. गोदाघाटावर लाखो फोन, शेकडो कॅमेरे, तात्पुरती वायफाय, गर्दी मोजणारी ड्रोन, पोलिसांचे बिनतारी संच. २.४ च्या पट्ट्यावर भाजीबाजार भरणार. त्यात 'आधी ऐक, मग बोल' प्रकारचा युरोपीय रिमोट चालू केला तर त्याला बोलायला फट मिळायची मारामार. ज्याने सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते, म्हणजे फेलसेफ, नीट लावलेलं नाही, त्याचं यंत्र कुणाच्या डोक्यावर येईल ते सांगता येत नाही. त्यामुळे मेळ्याच्या काळात शहरात हौशी उड्डाण पूर्ण बंद ठेवा, माझी काही हरकत नाही. उलट मीच सांगतो, ठेवा.

पण बंदीबरोबर काही गोष्टी जिल्हा प्रशासन आणि कुंभमेळा प्राधिकरण आजच करू शकतं. शहरापासून लांब, हिरव्या क्षेत्रातली एखादी पडीक गायरान जमीन सुट्टीच्या दिवशी सकाळी चार तास मॉडेल विमानांसाठी ठरवून द्या. एनसीसीच्या हवाई विभागाच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंग आहेच, त्यांचीही सोय होईल. दुसरं, एक पानाचं मराठी पत्रक काढा : कुठला पट्टा चालतो, कुठला नाही, ईटीए कुठे बघायचा, कुठे उडवायचं नाही. तंत्रनिकेतनं, इंजिनिअरिंग कॉलेजं, आणि द्राक्षबागांत फवारणीची ड्रोन चालवणारे बचतगट, सगळ्यांना द्या. केंद्राने ड्रोन दीदी योजनेत पंधरा हजार गटांना ड्रोन द्यायचं ठरवलं. या बायका रिमोट हातात घेऊन बांधावर उभ्या राहतात, तेव्हा बदली रिसीव्हर कुठला घ्यायचा हे त्यांनी कुणाला विचारायचं?

हौशी मंडळींनाही दोन शब्द. लांब पल्ल्याच्या नादाने ९१५ भरू नका. डोळ्यांना दिसेल तेवढंच उडवायचं असा नियम आहे, मग दहा किलोमीटरचा रिमोट हवा कशाला? साधा २.४ चा संच पुरतो. ज्यांनी आधीच ९०० वालं घेतलंय त्यांनी सॉफ्टवेअर उघडून पर्याय ८६६ करा, रिमोट आणि रिसीव्हर दोन्हीकडे, आणि अँटेनाही त्या पट्ट्याची आहे का बघा. पल्ला थोडा कमी होईल, होऊ दे.

नवीन घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल : पट्टा कुठला, आवृत्ती कुठल्या देशाची, ईटीए क्रमांक काय. उत्तर आलं नाही तर त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट मला पाठवा. नाव-नंबर झाकून. पन्नासेक जमले की घेऊन जातो जिल्हाधिकारी कार्यालयात.