हापूसला ओव्याचे कवच

पेटी उघडताच घमघमाट सुटतो. पण वरचाच आंबा उचलून पाहावा तर देठाभोवती काळसर वलय. दोन दिवसांत ते खांद्यापर्यंत उतरते आणि बोट लावताच गर खचतो. ही देठकूज. करप्याची तऱ्हा आणखी फसवी. त्याची बुरशी कैरीच्या दिवसांतच सालीत शिरून निपचित पडते आणि फळ पिकू लागले की जागी होते. बागेत निर्मळ दिसलेला आंबा ग्राहकाच्या घरी सडतो, आणि बोल लागतो बागायतदाराला.

काढणीनंतर सुमारे 52 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे फळ बुडवणे हा चांगला उपाय आहे, पण वाटेत पुन्हा चढणारी बुरशी त्याने थांबत नाही. रासायनिक बुरशीनाशकांचा रस्ताही अरुंद होतो आहे; युरोपीय संघात कार्बेन्डाझिमची मान्यता 2014 मध्येच संपली.

अशा वेळी खाण्याजोग्या लेपाकडे गांभीर्याने पाहायला हवे. कोरफडीचा गर, स्टार्च किंवा मेण यांच्या पातळ थरात ओव्याच्या तेलातले थायमॉल, लवंगेच्या तेलातले युजेनॉल मिसळायचे. थर फळातले पाणी धरून ठेवतो, पिकणे लांबवतो. तेल बुरशीच्या पेशींचे आवरण फोडते. श्रीलंकेत एम्बुल केळ्यांच्या फण्यांची कूज दालचिनीच्या तेलाने रोखण्याचे प्रयोग झाले आहेत.

मात्र केळ्याचे गणित हापूसला जसेच्या तसे लागू होणार नाही. लेप जाड झाला तर फळ गुदमरून आतून आंबते. तेल जास्त झाले तर साल भाजते आणि आंब्याला ओव्याचा वास येतो. ज्या फळाची किंमतच त्याच्या सुगंधात आहे, तिथे ही चूक परवडणारी नाही. साका, म्हणजे गर स्पंजासारखा होण्याचा दोष, यावरही हा उतारा नव्हे. तो दोष झाडावरच धरतो.

आपले अन्नसुरक्षा नियम फळांवर मधमाशीचे मेण, कार्नोबा मेण आणि लाखेचा लेप यांना परवानगी देतात, तीही लेबलवर तसे सांगण्याच्या अटीवर. औषधी तेल मिसळलेल्या लेपांसाठीही मात्रा आणि लेबल स्पष्ट ठरले पाहिजे. वनस्पतीपासून आले म्हणून काहीही निर्धोक ठरत नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि पणन मंडळाने येत्या हंगामात थेट बागायतदारांच्या पॅकिंग शेडमध्ये, हापूसवरच चाचण्या घ्याव्यात. किती फळे वाचली, चव टिकली का आणि पेटीमागे खर्च किती आला, हे मराठीतून जाहीर करावे. तयारी मोहोर फुटण्याआधी व्हायला हवी. पेट्या भरायला लागल्यावर कोकणात कुणालाच प्रयोगाला उसंत नसते.