चिंध्यांचे स्मारक? होय, चिंध्यांचेच!

हुतात्मा स्मारकाचे चित्र गोधडीवर शिवावे की नाही, यावरून आमच्या गावात गेल्या उन्हाळ्यात मोठा वाद झाला. मी एका शाळेत शिवणकाम शिकवते, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. या वादात बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की ती गोधडी शिवणाऱ्या सात बायांपैकी मी एक आहे.

आक्षेप घेणारी मंडळी वयाने, मानाने मोठी. त्यांचे म्हणणे असे : “स्मारक ही पवित्र जागा. ती चिंध्यांवर उतरवता? उद्या तिच्यावर कुणाचा पाय पडेल, एखादे लेकरू मुतेल!”

आता या पावित्र्याचा हिशेब एकदा मांडूच. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण आमचा मुलूख निजामाच्याच ताब्यात राहिला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. पुढचे तेरा महिने रझाकारांच्या धाकात गेले. १३ सप्टेंबर १९४८ला फौजा शिरल्या आणि १७ला निजाम शरण आला. या लढ्यात वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंद्यांसारखे वीर कामी आले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. पण गावोगावच्या स्मारकांचे आपण काय करतो? १७ सप्टेंबरला झेंडा, हार, भाषण. १८ला कुलूप. मग वर्षभर शेळ्या तिथे रवंथ करतात. त्या शेळ्यांनी पावित्र्य बिघडत नाही आणि आमच्या सुईने बिघडते, हा न्याय कुठला?

लेकरू मुतेल म्हणता? अहो, गोधडीवर लेकरू मुतायचेच! रझाकारीत कितीतरी घरे रातोरात पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. भांडी मागे राहिली, दाणे मागे राहिले. तान्हे पोर मात्र आईने गोधडीतच गुंडाळून नेले. त्या गोधडीला तुमच्या स्मारकाशेजारी जागा नाही?

आणि दगडावर कोरलेली नावे वाचा एकदा. बहुतेक सारी पुरुषांची. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांशी लढल्या, ईटच्या गोदावरीबाई टेकाळे झुंजता झुंजता गेल्या, म्हणून त्यांची नावे निदान पुस्तकात आली. पण अपरात्री दार वाजले की चूल पेटवून कार्यकर्त्यांना भाकरी घालणारी, चोळीत चिठ्ठी दडवून दुसऱ्या गावी पोचवणारी, पोलीस आला की “मला काय ठाऊक, बाबा?” म्हणून उंबऱ्यात ठाण मांडणारी, तिचे नाव कुठे आहे? तिला पाहिलेली माणसे आता बोटावर मोजण्याइतकी उरली. ती गेली की संपले.

म्हणून आम्ही गोधडी शिवली. मधोमध पांढऱ्या धोतराचा स्मारकस्तंभ. भोवती घरोघरून आणलेले लुगड्यांचे तुकडे. कुणाच्या आजीचे, कुणाच्या पणजीचे. प्रत्येक तुकड्यावर दोऱ्याने तिचे नाव. जिचे नाव सुनांनाही आठवेना, तिच्या तुकड्यावर नुसते ‘आजी’. खाली जुन्या लुगड्यांचे थर, आणि कडेकडेने आत येत येत सारा धावदोरा. एका म्हातारीने तुकडा दिला, तेव्हा तिच्या सासूने त्या वेळी काय काय केले ते तिची नातवंडे प्रथमच ऐकत होती. असे काम कुठल्या दगडाने केले आहे?

हे खूळ एकट्या आमच्याच डोक्यातले नव्हे. १९४२ साली सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांनी कोंडलेल्या बायकांनी अशाच गोधड्या शिवल्या. एकेकीने एकेक चौकोन घेतला, त्यावर चित्र काढले, आपले नाव भरले. हेतू हा, की दुसऱ्या छावणीतल्या नवऱ्यांना कळावे, आम्ही जिवंत आहोत. त्यांतल्या दोन गोधड्या आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात मानाने जपल्या आहेत. तिथे त्यांना चिंध्या म्हणण्याची कुणाची छाती नाही.

तेव्हा शहरातले एक रसिक पुढे झाले. म्हणाले, “बाई, ही गोधडी नव्हेच, ही कलाकृती! काचेत लावा, अंगावर घेऊ नका.” हे कौतुक मला त्या आक्षेपाहून जास्त घातक वाटते. काचेत घातली की तिलाही कुलूप आले, आणि १८ सप्टेंबर आला. दगडाला तडा गेला तर आपण अर्ज करतो आणि वाट पाहतो. गोधडी विरली तर घरातली बाई त्याच दुपारी ठिगळ लावते. म्हणूनच चार पिढ्यांची लुगडी तिच्यात टिकतात.

आमचे मागणे सरळ आहे. १७ सप्टेंबरला ही गोधडी स्मारकाच्या भिंतीवर, झेंड्याशेजारी लागावी. उरलेले वर्षभर ती महिनामहिना घरोघर फिरावी. ज्या घरी जाईल त्या घराने ती पांघरावी, धुवावी, फाटेल तिथे सांधावी, आणि आपल्या आजीचा तुकडा जोडून पुढच्या घरी द्यावी. पाय लागला तर नमस्कार करावा. आपल्याकडे तेवढी रीत अजून आहे.

यंदाच्या दिवाळीत ट्रंका उघडाल तेव्हा तळाचे जुने लुगडे बोहारणीला देण्याआधी, वाचकहो, ते कुणाचे होते एवढे घरात विचारा. उत्तर देणारे माणूस असेल, तोवरच.