तिने का लपायचं?

मैत्रिणीच्या विभक्त नवऱ्याने तिच्या नावाने खोटं अकाउंट उघडलं. त्यावर तिचा खासगी फोटो, मोबाइल नंबर आणि खाली 'रेट'. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अनोळखी पुरुषांचे फोन. सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांचा पहिला प्रश्न तिला होता, "फोटो तुम्हीच पाठवला होता ना?" दुसरा सल्ला, "घरचं आहे, मिटवून घ्या."

यात मिटवण्यासारखं काय आहे? पोटगीचा अर्ज मागे घे, मुलाचा ताबा सोड, नाहीतर फोटो तुझ्या ऑफिसात जातील, असं तो लिहून धमकावतो. ही खंडणीखोरी आहे. या खंडणीखोरीला संसाराचं भांडण म्हणणारा प्रत्येक जण त्याला पाठीशी घालतो.

कायदा संदिग्ध नाही. फोटो काढायला बाईची संमती असली, तरी तो तिऱ्हाइताला दाखवायला नसेल, तर पसरवणं हा गुन्हा आहे, हे फौजदारी कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनेच ठरलं. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं कलम ७८ मध्ये येतं. पश्चिम बंगालमधल्या तमलूकच्या न्यायालयाने २०१८ मध्ये नकाराचा सूड म्हणून चित्रफीत पसरवणाऱ्या तरुणाला पाच वर्षांची कैद सुनावली. "आमची हद्द नाही" ही सबबही चालत नाही. दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवावाच लागतो.

तरीही सगळे तिलाच सांगतात : नंबर बदल, अकाउंट बंद कर, थोडे दिवस माहेरी जा. त्या नंबरावर तिचं बँकेचं खातं आहे, मुलाची शाळा आहे, तिची गिऱ्हाइकं आहेत. तिने सगळ्यांतून नाहीसं व्हावं, हेच तर त्याला हवं होतं. त्याचं उरलेलं काम नातेवाईक काळजीच्या नावाखाली पुरं करतात. त्याला मात्र कोणी मोबाइल बंद ठेवायला सांगत नाही. लग्नकार्यात तो पहिल्या पंगतीला बसतो.

हे थांबायला हवं. पोलिसांनी आधी गुन्हा नोंदवावा आणि त्याचा मोबाइल जप्त करावा. नातेवाइकांनी त्याला दारात उभं करू नये. आणि तो फोटो 'बघ रे' म्हणत पुढे पाठवणाऱ्यांनी समजून असावं : तुम्ही प्रेक्षक नाही, त्या गुन्ह्यात सामील आहात.