जकात नाक्यावरच्या कारकुनाचं जंगल

आमच्या शहरात सध्या भिंती रंगवायची लाट आलीय. पुलाचे खांब, शाळांची कुंपणं, जिकडे बघाल तिकडे जंगल. भलीमोठी पानं, वेली आणि फांदीवर एखादा लालभडक मकाव. चित्रं सुंदर आहेत, रंगवणाऱ्या पोरांना दाद द्यायलाच हवी. पण ती बघितली की मला आंरी रूसो आठवतो.

रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरीला होता. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, त्यामुळे लोक हसायचे. १८९१ मध्ये त्याने वादळात दबा धरून बसलेला वाघ रंगवला. वर वीज, पावसाच्या तिरप्या रेघा, वाऱ्याने वाकलेली झाडं. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पुढे त्याने अशी वीसेक जंगलं रंगवली. आणि हा गडी कधी फ्रान्सबाहेर गेलाच नाही!

मग जंगल आणलं कुठून? थोडं मासिकांतल्या चित्रांतून, पण बरंचसं पॅरिसमधल्याच एका बागेतून. १६३५ मध्ये औषधी वनस्पतींसाठी उभी राहिलेली ही बाग. तिथल्या काचघरांत उष्ण प्रदेशातली झाडं होती, शेजारी प्राणीसंग्रहालय. रूसो तिथे जाऊन मनसोक्त बघायचा आणि कॅनव्हासवर पानं हवी तेवढी मोठी करायचा.

माझा मुद्दा एवढाच: नाक्यावरच्या कारकुनालाही जाऊन बघता येतील अशी झाडं त्या शहराने राखली होती, म्हणून ते चित्र झालं. आधी झाड, मग चित्र.

आपल्याकडे उलटं चाललंय. भिंतीवर घनदाट जंगल आणि समोरच्या वडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट. मुळांना पाणी जाणार कुठून? बरं, मकाव हा अमेरिका खंडातला पक्षी. आपल्या सह्याद्रीतला धनेश, शेकरू, ताम्हण यांना भिंतीवरसुद्धा जागा नाही.

"भिंत रंगवली तर तुमचं काय बिघडलं?" असं कुणी विचारेल. काहीच नाही. उलट थुंकणारे जरा बिचकतात. पण रंगवलेल्या झाडाखाली मे महिन्यात भाजीवाली बसू शकत नाही.

शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडे १९७५ पासून कायदा आहे. झाड तोडण्याआधी नोटीस लागते, नागरिकांना हरकत घेता येते. तेव्हा मंडळी, भिंतीसमोर सेल्फी जरूर काढा. पण शेजारच्या झाडावर नोटीस चिकटवलेली दिसली, तर तिचाही फोटो काढा आणि मुदतीत हरकत नोंदवा.